फॅन्टसी बेसबॉलमध्ये एकापेक्षा जास्त जागी चालणारे खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॅन्टसी बेसबॉलमध्ये लीगमधला प्रत्येक जण अमेरिकेच्या मेजर लीगमधले खरे खेळाडू निवडून आपला संघ बनवतो आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवतो. ही निवड पाळीपाळीने, फेऱ्यांमध्ये (राउंड) होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. मार्च उजाडला, ड्राफ्टची तारीख ठरली, की आमच्या लीगच्या ग्रुपवर तोच प्रश्न फिरून फिरून येतो: "ह्याला दोन पोझिशन आहेत, मग एक राउंड आधी उचलू का?" लीगमध्ये काही जण पुण्या-मुंबईचे, काही न्यू जर्सी आणि बे एरियातले, आणि दर वर्षी दोन-तीन नवे. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. दुसऱ्या पोझिशनमुळे, म्हणजे मैदानावरच्या दुसऱ्या जागेमुळे, एकही जादा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मिळत नाही. तुमच्या लाइनअपमधली (त्या दिवशी खेळवायच्या संघातली) जी जागा एरवी रिकामी राहिली असती किंवा कमकुवत खेळाडूने भरावी लागली असती, ती भरण्यातच तिची किंमत आहे. ही किंमत लीगच्या नियमांवर ठरते. काही लीगमध्ये ती जवळजवळ शून्य असते, काहींमध्ये तिच्या जोरावर हंगाम जिंकता येतो.

मल्टी-पोझिशन खेळाडू म्हणजे नक्की कोण?

ज्याला ॲप एकाहून जास्त स्लॉटमध्ये (लाइनअपमधल्या ठरलेल्या जागांत) बसवू देतं तो. बेसबॉलमध्ये फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉप या आतल्या जागा म्हणजे इन्फिल्ड, लेफ्ट, सेंटर आणि राइट फिल्ड या मागच्या जागा म्हणजे आउटफिल्ड; शिवाय यष्टिरक्षकासारखा कॅचर आणि गोलंदाजासारखा पिचर. खेळाडूच्या नावापुढे 'सेकंड बेस, आउटफिल्ड' असं लिहिलेलं असेल तर तुम्ही त्याला आज एका जागी आणि उद्या दुसऱ्या जागी लावू शकता. तो प्रत्यक्ष मैदानावर आज कुठे उभा आहे याचा संबंध नसतो. सामन्यात तो लेफ्ट फिल्डला असला तरी तुमच्याकडे सेकंड बेसला असू शकतो, आणि त्याच्या धावा, होमरन, स्टील (पळून चोरलेले बेस) सगळं तुमच्या खात्यात येतं.

ही पात्रता मिळते कशी?

मागच्या हंगामात किंवा चालू हंगामात त्या जागी ठरावीक सामने खेळून. आकडा मात्र प्रत्येक ॲपवर किंवा स्पर्धेत वेगळा. याहूवर एखाद्या जागी ५ सामन्यांत सुरुवातीपासून किंवा एकूण १० सामन्यांत खेळला की पात्रता मिळते. ईएसपीएनवर मागच्या वर्षीचे २० सामने लागतात, चालू हंगामात १०. मोठ्या बक्षिसांच्या एनएफबीसी स्पर्धेतही २० आणि १०. खासगी लीगमध्ये कमिशनर (लीग चालवणारा) हे आकडे बदलू शकतो, म्हणून ड्राफ्टच्या आधी आपल्या लीगचं सेटिंग्जचं पान उघडून वाचाच.

हा फरक किती खरा आहे ते मुकी बेट्सच्या उदाहरणात दिसतं. २०२३ मध्ये तो डॉजर्ससाठी मुख्यतः राइट फिल्डला खेळला, ७० सामने सेकंड बेसला आणि १६ सामने शॉर्टस्टॉपला. वर्षभरात .३०७ सरासरी, ३९ होमरन, १०७ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा). २०२४ च्या ड्राफ्टला याहूवर तो सेकंड बेस, शॉर्टस्टॉप आणि आउटफिल्ड अशा तिन्ही ठिकाणी चालत होता. जिथे २० सामन्यांची अट होती तिथे शॉर्टस्टॉप चार सामन्यांनी हुकला. खेळाडू तोच, हंगाम तोच, आणि दोन ॲपवर दोन वेगळे माल.

ही पात्रता कायम टिकते का?

नाही. साधारणपणे त्या हंगामापुरती टिकते, पुढच्या वर्षी हिशेब पुन्हा सुरू. बेट्सचंच पुढे बघा. २०२४ मध्ये तो शॉर्टस्टॉपला सुरू झाला, जूनमध्ये चेंडू लागून हात मोडला, ऑगस्टमध्ये परतला तो राइट फिल्डला. २०२५ मध्ये जवळजवळ पूर्ण हंगाम शॉर्टस्टॉपला. म्हणजे तीन जागांचा खेळाडू दोन वर्षांत एका जागेवर आला. मागच्या वर्षीची यादी डोक्यात धरून ड्राफ्टला बसणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते.

ड्रीम११ खेळलोय. त्यात आणि यात फरक काय?

फॅन्टसी क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक, फलंदाज, अष्टपैलू, गोलंदाज असे कप्पे असतात आणि प्रत्येक खेळाडू एका सामन्यासाठी एकाच कप्प्यात असतो. त्याला हलवायचा प्रश्नच येत नाही. शिवाय ते एका सामन्यापुरतं असतं, इथे सहा महिने तोच संघ सांभाळायचा. माणसं जखमी होतात, सुट्टीवर जातात, फॉर्म हरवतात. या लांबलचक काळामुळेच दोन जागी चालणाऱ्याला महत्त्व येतं. क्रिकेटमधला अष्टपैलू दोन मार्गांनी गुण मिळवतो. बेसबॉलमधला हा खेळाडू गुण एकाच मार्गाने मिळवतो, बॅटने. त्याची दुसरी जागा गुण देत नाही, सोय देते. क्रिकेटकडून येणाऱ्यांनी हे पहिल्यांदा मनात पक्कं करावं, कारण त्यांना अष्टपैलूला जादा भाव द्यायची सवय असते.

खऱ्या बेसबॉलमध्ये असे खेळाडू इतके का दिसतात?

संघातल्या जागा मोजल्या की कळतं. मेजर लीगच्या संघात हंगामातला बहुतेक काळ २६ जण असतात आणि त्यांपैकी जास्तीत जास्त १३ पिचर. उरले १३ फलंदाज. डेझिग्नेटेड हिटर (डीएच, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा) धरून ९ जण सामन्यात, म्हणजे बेंचवर चार. त्यातला एक राखीव कॅचर, त्याला शक्यतो हात लावायचा नाही. राहिलेल्या तिघांनी इन्फिल्ड आणि आउटफिल्ड मिळून सात जागांची काळजी घ्यायची. एका जागी अडकलेला माणूस अशा बेंचवर परवडत नाही.

ही पद्धत लोकांच्या नजरेत भरली ती बेन झोब्रिस्टमुळे. २००९ मध्ये टँपा बे रेजचे मॅनेजर जो मॅडन यांनी त्याला सेकंड बेस, राइट फिल्ड, शॉर्टस्टॉप असं जमेल तिथे खेळवलं आणि त्याने .२९७ सरासरीने २७ होमरन, ९१ आरबीआय, १७ स्टील केले. तोवर 'युटिलिटी' हा शब्द ज्याला स्वतःची जागा नाही अशा माणसासाठी वापरत. झोब्रिस्टने तो अर्थ बदलला, आणि २०१६ मध्ये शिकागो कब्जसाठी वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) सर्वोत्तम खेळाडूही ठरला. २०२२ पासून क्षेत्ररक्षणाच्या गोल्ड ग्लव्ह पुरस्कारांत युटिलिटी खेळाडूंसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. पहिले मानकरी डीजे लेमेह्यू आणि ब्रेंडन डोनोव्हन.

मग मूळ प्रश्न: दोन पोझिशनसाठी एक राउंड आधी घ्यावा का?

पहिल्या पाच-सहा राउंडमध्ये नाही. तिथे बॅट बघा. दोन खेळाडू खरोखर तोलामोलाचे असतील तर दोन जागांवाल्याला घ्या, तेवढीच त्या गुणाची किंमत. पंधरा होमरन कमी मारणारा केवळ लवचीक आहे म्हणून तिसऱ्या राउंडला घेणं म्हणजे सोयीसाठी गुण सोडून देणं. ते गुण नंतर कुठूनही भरून निघत नाहीत.

याला एक मोठा अपवाद आहे. खेळाडूची बॅट ज्या जागेच्या मानाने साधारण आहे त्या जागेबरोबर तो अशा जागीही चालत असेल जिथे चांगली बॅट मिळणं कठीण, तर त्याला त्या कठीण जागेच्या भावाने मोजा. २० होमरनचा आउटफिल्डर बारा संघांच्या लीगमध्ये ढिगाने मिळतो. तेच २० होमरन सेकंड बेसवर असतील तर वर्ष तुमचं. २०१८ च्या ड्राफ्टला होसे रामिरेज सेकंड आणि थर्ड बेस दोन्हीला चालत होता. त्याने ३९ होमरन आणि ३४ स्टील केले. थर्ड बेसवरही ते आकडे अफाटच, पण ज्यांनी त्याला सेकंड बेसला लावून थर्ड बेसला दुसरा तगडा फलंदाज घेतला त्यांना त्या वर्षी पकडणं अवघड होतं.

खालच्या राउंडमध्ये गणित उलटतं. पंधराव्या राउंडनंतरचे फलंदाज एकमेकांच्या इतके जवळ असतात की अंदाजांतल्या फरकावर फार विसंबू नये. तिथे मी डोळे झाकून दोन-तीन जागांवाला घेतो. बेंचवर बसणाऱ्याचं कामच भोकं बुजवणं असतं, आणि ज्याला एकच भोक बुजवता येतं तो बेंचवरची जागा अडवून बसतो.

ड्राफ्ट चालू असताना त्याचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि माझ्या मते तो हंगामातल्या उपयोगापेक्षाही मोठा आहे, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. चौथ्या राउंडला तुम्ही सेकंड बेस-आउटफिल्ड असा खेळाडू घेतलात, तर पुढच्या दहा राउंडमध्ये तुम्हाला 'आता सेकंड बेस घ्यायलाच हवा' असं कधी म्हणावं लागत नाही. चांगला सेकंड बेसमन घसरत खाली आला तर घ्या, आधीचा आउटफिल्डला जाईल. चांगला आउटफिल्डर आला तर तो घ्या. समोर जो स्वस्त पडतोय तो उचलायची मोकळीक राहते. जागा भरण्याच्या घाईत दोन राउंड आधी केलेली खरेदी हे ड्राफ्टमधलं सगळ्यांत मोठं नुकसान, आणि दोन जागांवाला ती घाईच काढून टाकतो.

कोणती जोडी सगळ्यांत कामाची?

तुमच्या लीगमध्ये कॉर्नर आणि मिडल इन्फिल्डचे स्लॉट आहेत का ते आधी बघा. जुन्या रोटिसरी पद्धतीच्या (होमरन, स्टील अशा प्रत्येक प्रकारात हंगामभराच्या बेरजेवर क्रम लावणाऱ्या) २३ जणांच्या संघात ते असतात: कॉर्नरला फर्स्ट किंवा थर्ड बेसवाला चालतो, मिडलला सेकंड बेस किंवा शॉर्टस्टॉप. आता मोजा. फर्स्ट-थर्ड असा खेळाडू फर्स्ट, थर्ड, कॉर्नर आणि युटिलिटी (जिथे कुठलाही फलंदाज चालतो) अशा चार स्लॉटमध्ये जातो. पण नुसता थर्ड बेसवालाही थर्ड, कॉर्नर, युटिलिटी अशा तीन ठिकाणी जातच होता. म्हणजे दुसऱ्या पोझिशनने एकच स्लॉट वाढवला. याउलट सेकंड-थर्ड किंवा थर्ड-शॉर्टस्टॉप अशी जोडी पाच स्लॉट उघडते, कारण ती कॉर्नर आणि मिडल दोन्हींत बसते. २०२५ मध्ये यांकीजकडून ३१ होमरन आणि ३१ स्टील करणारा जॅझ चिझम ज्युनिअर सेकंड आणि थर्ड बेसला चालत होता. दोन गटांना जोडणाऱ्या खेळाडूचं याहून चांगलं उदाहरण अलीकडे नाही.

आउटफिल्ड आणि इन्फिल्ड जोडणारेही मोलाचे, विशेषतः पाच आउटफिल्डरच्या लीगमध्ये, कारण तिथे आउटफिल्डची भोकं सतत पडतात. लेफ्ट आणि राइट फिल्ड मात्र बहुतेक लीगमध्ये एकच आउटफिल्ड धरतात, तेव्हा त्या दोन्हींत खेळण्याने काही मिळत नाही.

रोज लाइनअप बदलायची लीग आणि आठवड्याची लीग, फरक पडतो का?

जमीन-अस्मानाचा. एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर ही तपासा.

रोजच्या लीगमधला एक गुरुवार घ्या. गुरुवारी बऱ्याच संघांना सुट्टी असते. हंगाम २०२४ चा, याहूचा साधा ढाचा: पाच इन्फिल्ड-कॅचर जागा, तीन आउटफिल्डर, दोन युटिलिटी. तुमचा फर्स्ट बेसमन आज खेळत नाही. बेंचवर एक सेकंड बेसमन आहे, त्याचा सामना आहे, पण तो फक्त सेकंड बेसला चालतो, आणि युटिलिटीच्या दोन्ही जागा भरलेल्या. एरवी फर्स्ट बेस रिकामा गेला असता आणि हा बेंचवर बसून राहिला असता. पण तुमच्याकडे सेकंड बेसला जेफ मॅकनील आहे, जो आउटफिल्डलाही चालतो, आणि आउटफिल्डला कोडी बेलिंजर आहे, जो फर्स्ट बेसलाही चालतो. मग बेलिंजर आउटफिल्डमधून फर्स्ट बेसला, मॅकनील सेकंड बेसवरून आउटफिल्डला, आणि बेंचवरचा सेकंड बेसमन मॅकनीलच्या जागी. तीन क्लिक आणि एक पूर्ण सामना पदरात. यातला एकही जण आपल्या जागी अडकलेला असता तर साखळी तुटली असती.

आठवड्याला असा एक सामना जादा मिळाला तरी २६ आठवड्यांत २६ सामने होतात. एका सामन्यात साधारण चार वेळा फलंदाजी धरली तर शंभरच्या वर पाळ्या. रोज खेळणाऱ्या फलंदाजाला वर्षभरात सहाशेच्या आसपास पाळ्या मिळतात, म्हणजे सहाव्या हिश्श्याचा फलंदाज तुम्हाला फुकट मिळाला.

आठवड्यातून एकदाच लाइनअप लावायची असेल तर हे सगळं बाद. तिथे दुसरी पोझिशन कामाला येते ती फक्त दुखापतीच्या वेळी किंवा एखाद्याच्या संघाला त्या आठवड्यात पाचच सामने असतील तेव्हा. एनएफबीसीत फलंदाज सोमवारी आणि शुक्रवारी असे दोनदा बदलता येतात, त्यामुळे ते या दोहोंच्या मधलं.

भारतात राहून खेळतो. रात्री लाइनअप कोण लावणार?

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. अमेरिकी पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७:०५ चा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेनुसार पहाटे ४:३५ ला सुरू होतो, पश्चिम किनाऱ्यावरचा रात्रीचा सामना आपल्या सकाळी साडेसात-पावणेआठला. संघ आपली लाइनअप सामन्याच्या काही तास आधी जाहीर करतात, म्हणजे आपल्या मध्यरात्रीच्या पुढेमागे. दोन जागांवाला खेळाडू आपण होऊन सरकत नाही, त्याला तुम्ही सरकवावं लागतं.

म्हणून भारतातून खेळणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, झोपण्याआधी निदान सुट्टीवरचे संघ बघून साखळी लावून ठेवावी, त्यासाठी लाइनअप जाहीर होण्याची वाट पाहावी लागत नाही, वेळापत्रक आधीच छापलेलं असतं. दोन, लीगमध्ये खेळाडू आपापल्या सामन्याच्या वेळी लॉक होतात का (म्हणजे तेव्हाच बदल बंद होतो का) ते बघावं. होत असतील तर सकाळी सहाला उठल्यावर पश्चिम किनाऱ्यावरचे सामने अजून उघडे असतात. डॉजर्स, पाद्रेस, जायंट्स, मरिनर्स या संघांतले दोन जागांवाले भारतातल्या माणसाला जास्त उपयोगी पडतात ते यामुळेच. सकाळच्या चहाबरोबर मी हेच करतो.

कॅचरची पात्रता असलेला, पण दुसरीकडे खेळणारा खेळाडू एवढा भाव का खातो?

कारण कॅचर ही फॅन्टसीतली सगळ्यांत पडीक जागा. गुडघ्यांवर बसून बसून कॅचरला आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती द्यावीच लागते, म्हणून त्याच्या पाळ्या कमी. दोन कॅचरच्या बारा संघांच्या लीगमध्ये २४ कॅचर लागतात आणि मेजर लीगमध्ये संघच ३०. शेवटी शेवटी लोक अशा माणसाला घेतात जो सरासरी खाली ओढतो आणि बदल्यात काहीच देत नाही.

त्यात डॉल्टन व्हार्शोसारखा कोणी सापडला की सोनं. २०२२ मध्ये ॲरिझोनासाठी तो बहुतेक वेळ आउटफिल्डला खेळला, पण कॅचर म्हणूनही वीसहून जास्त सामन्यांत दिसला. २७ होमरन, १६ स्टील. कॅचरच्या स्लॉटमध्ये १६ स्टील! पुढच्या वर्षी टोरांटोला गेल्यावर तो फक्त आउटफिल्डला खेळला, सरासरी .२२० वर आली, तरी २० होमरन आणि १६ स्टील होते आणि कॅचरची पात्रता हंगामभर टिकून होती. २०२४ ला ती गेली, आणि तोच खेळाडू ड्राफ्टमध्ये धाडकन खाली आला, कारण आउटफिल्डमध्ये तसे अनेक होते.

इथे एक बारकावा आहे. कॅचर-फर्स्ट बेस अशी जोडी असलेल्याला फर्स्ट बेसला लावण्यात काही अर्थ नाही, तुम्ही त्याला कॅचरलाच ठेवणार. मग दुसरी पोझिशन निरुपयोगी का? तर नाही. ती सांगते की विश्रांतीच्या दिवशीही त्याचा संघ त्याला फर्स्ट बेसला किंवा डीएच म्हणून खेळवतो. म्हणजे जादा पाळ्या. साल्व्हाडोर पेरेझने २०२१ मध्ये ४८ होमरन मारले आणि कॅल रॅलीने २०२५ मध्ये ६०, त्यामागे ताकद तर होतीच, पण ग्लव्ह काढल्याच्या दिवशीही बॅट हातात असणं हेही होतं. कॅचरच्या बाबतीत दुसरी पोझिशन वापरायची नसते, वाचायची असते.

फक्त युटिलिटीला चालणाऱ्याचं काय? ओटानीला पण टाळायचं?

डॉजर्सचा शोहेई ओटानी फलंदाजी आणि पिचिंग दोन्ही करतो, त्याला कोणी टाळू नये. २०२४ मध्ये ५४ होमरन आणि ५९ स्टील करणारा माणूस कुठल्याही स्लॉटमध्ये पहिल्या राउंडचा. त्याच्या बाबतीत बघायचं ते एवढंच की तुमचं ॲप त्याला एकच खेळाडू मानतं की फलंदाज ओटानी आणि पिचर ओटानी असे दोन वेगळे. याहू दोन मानतं.

बाकीच्यांना मात्र दंड बसतोच. मार्सेल ओझुनाने २०२४ मध्ये .३०२ सरासरीने ३९ होमरन आणि १०४ आरबीआय केले, पण तो डीएच होता, म्हणून एकच युटिलिटी असलेल्या लीगमध्ये तो स्लॉट त्याच्या नावे बंद. आठव्या राउंडला घसरत आलेला सुंदर फलंदाज मग घेता येत नाही, कारण बसवायचा कुठे? माझा नियम साधा आहे: एक युटिलिटी असेल तर असा खेळाडू एक राउंड स्वस्त मिळाला तरच घ्यायचा. दोन युटिलिटी असतील तर फार विचार करू नका.

पिचरमध्येही हा प्रकार असतो का?

असतो, आणि गुणांच्या हेड-टू-हेड लीगमध्ये (जिथे दर आठवड्याला एका संघाशी सामना असतो) तो फलंदाजांपेक्षाही धारदार आहे. रिलीफ पिचरच्या (सामन्याच्या मध्यात येणाऱ्याच्या) स्लॉटमध्ये स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) बसवता आला तर आठवड्याला पाच-सहा इनिंग्ज जादा पडतात. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सचा गॅरेट क्रोशे आधीच्या वर्षांत बुलपेनमध्ये (रिलीफ पिचरांच्या ताफ्यात) असल्यामुळे रिलीफला पात्र होता, पण खेळला ३२ स्टार्ट, १४६ इनिंग्जमध्ये २०९ स्ट्राइकआउट (पिचरने थेट बाद केलेले फलंदाज). त्याच वर्षी ब्रेव्ह्जने रेनाल्डो लोपेझला बुलपेनमधून काढून स्टार्टर केलं, ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर गेलेल्या धावा) १.९९. हे दोघे ज्यांच्या रिलीफ स्लॉटमध्ये होते त्यांना त्या स्लॉटची पुन्हा काळजी करायची गरजच नव्हती. दर वर्षी फेब्रुवारीत 'अमुक क्लोझर (शेवटची इनिंग टाकणारा रिलीफ पिचर) आता स्टार्टर होणार' अशी बातमी येते, ती कापून ठेवा. रोटिसरीत मात्र सेव्ह (क्लोझरने शेवटी राखलेले विजय) लागतात, तिथे ही युक्ती अर्धीच चालते.

संघात असे किती असावेत?

दोन, फार तर तीन. पहिला असा खेळाडू भरपूर सोय देतो, दुसरा साखळी पूर्ण करतो, तिसऱ्यानंतर बहुतेक दिवस त्यांना हलवायची गरजच पडत नाही. शिवाय त्यांच्या जागा एकमेकांवर पडू नयेत. तिघेही सेकंड बेस-शॉर्टस्टॉप असतील तर फर्स्ट बेसचं भोक तसंच राहतं.

फसायला कुठे होतं?

संघ या खेळाडूला का हलवतो हे न विचारण्यात. दोन कारणं असतात आणि यादीवर ती सारखीच दिसतात. लेमेह्यूला यांकीजने २०१९ मध्ये फर्स्ट, सेकंड, थर्ड असं तिन्हीकडे खेळवलं, कारण त्याची बॅट रोज हवी होती; .३२७ सरासरी, २६ होमरन, १०२ आरबीआय. दुसऱ्या प्रकारचा खेळाडू फिरतो कारण त्याची स्वतःची जागाच नाही. तो बटाट्यासारखा कुठल्याही भाजीत चालतो, पण ताटात स्वतंत्र वाटी त्याला मिळत नाही. आठवड्यात तीनदा खेळतो, नवव्या क्रमांकावर.

ओळखायची खूण: मागच्या हंगामातल्या एकूण पाळ्या आणि फलंदाजीचा क्रम. पाचशेच्या वर पाळ्या आणि पहिल्या पाचात नाव असेल तर संघाला त्याची बॅट हवी आहे. विली कॅस्ट्रो २०२४ मध्ये ट्विन्ससाठी सेकंड, थर्ड, शॉर्टस्टॉप, लेफ्ट, सेंटर सगळीकडे फिरला, पण रोज फिरला, म्हणून उपयोगी ठरला. अशा फिरत्या खेळाडूंपैकी बरेच जण डावखुऱ्या पिचरविरुद्ध बसतात, हेही तपासा.

हंगामात नवी पोझिशन मिळण्याआधी खेळाडू कसा हेरायचा?

रोज बॉक्स स्कोअर (सामन्याचा धावफलक) वाचा. खेळाडूच्या नावाशेजारी दोन पोझिशन जोडून लिहिलेल्या दिसल्या की तो सामन्याच्या मध्यात सरकला आहे. ट्रेडच्या (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) दिवसांत तर डोळे उघडे ठेवाच. जुलै २०२४ च्या शेवटी चिझम मायामीहून यांकीजकडे आला तेव्हा तो सेंटर फिल्डर आणि सेकंड बेसमन होता; यांकीजना थर्ड बेस हवा होता, त्याने तिथे आधी कधी व्यावसायिक सामना खेळला नव्हता, तरी पहिल्याच आठवड्यापासून उभा राहिला. याहूच्या पाच स्टार्टच्या नियमाने ऑगस्ट उजाडता उजाडता नवी पोझिशन हातात. बातमी आल्याच्या दिवशी त्याच्यासाठी सौदा मांडणाऱ्याला पात्रता मिळण्याआधीच्या भावात खेळाडू मिळतो. दुखापतीच्या बातम्याही तशाच वाचाव्यात: शॉर्टस्टॉप दहा दिवसांच्या यादीवर गेला की त्याच्या जागी कोण, एवढंच बघून थांबू नका, त्या माणसाने आपली कोणती जागा सोडली तेही बघा.

लिलावाच्या लीगमध्ये किती जादा द्यावं?

२३ जणांसाठी २६० डॉलरचं नेहमीचं बजेट धरलं तर मी एक डॉलर जादा देतो, रोजच्या लीगमध्ये दोन. त्याहून जास्त नाही. एक-दोन डॉलरच्या शेवटच्या खेळाडूंत मात्र दोन जागा नसलेल्याचं नाव मी पुकारतच नाही.

रोटिसरीत प्रत्येक पोझिशनला सामन्यांची मर्यादा असते. तिथे काय?

याहूच्या रोटिसरी लीगमध्ये प्रत्येक जागेला १६२ सामने, ही नेहमीची मर्यादा. ऑगस्ट संपताना ते पान उघडा. एखाद्या जागी तुम्ही वेळापत्रकाच्या मागे असता, तर दुसऱ्या जागी पुढे. सेकंड बेसचे दहा सामने शिल्लक राहणार आणि आउटफिल्डचे आधीच संपणार असं दिसलं, की सेकंड बेस-आउटफिल्डवाल्याला त्या दिवसापासून सेकंड बेसला बसवा आणि आउटफिल्डचे उरलेले सामने चांगल्यांसाठी राखा. शिल्लक राहिलेला सामना म्हणजे न मिळालेल्या धावा, आणि घट्ट लीगमध्ये दोन-चार धावांवर क्रमवारी बदलते.

आमची कीपर लीग (काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात अशी) आहे. सप्टेंबरमध्ये बघण्यासारखं काही?

सामने मोजा. २० ची अट असेल तर १६, १७, १८ वर असलेल्यांची यादी काढा आणि त्यांचा संघ उरलेल्या दिवसांत काय करेल याचा अंदाज बांधा. स्पर्धेबाहेर गेलेले संघ सप्टेंबरमध्ये नव्या मुलांना वेगवेगळ्या जागी खेळवून बघतात, तेव्हा दोन सामन्यांची कसर सहज भरून निघते. प्लेऑफच्या शर्यतीतले संघ असे प्रयोग करत नाहीत. तुम्हाला जो ठेवायचा आहे तो १९ वर अडकला असेल आणि त्या जागेचा नेहमीचा खेळाडू परतला असेल, तर ठेवण्याचा निर्णय ती पोझिशन नाही असं धरूनच घ्या.